स्नानयोग्यतेचा आकडा

पारा पाण्याहून सुमारे साडेतेरा पटींनी जड असतो, हे एक विधान. स्नानाच्या पाण्यात दर 100 मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या 500 च्या आत असावी, हे दुसरे विधान. वरवर पाहता दोन्ही एकाच जातीची वाटतात. दोन्हींत आकडा आहे, एकक आहे आणि दोन्ही प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर आलेली आहेत. परंतु किंचित विचार केला तर ध्यानात येते की, पहिले विधान सृष्टीविषयीचे आहे. ते कोणी ठरविलेले नाही, केवळ शोधून काढलेले आहे. दुसरे मात्र माणसांनी एकत्र बसून ठरविलेले आहे. 499 जिवाणूंचे पाणी आणि 501 जिवाणूंचे पाणी यांत निसर्गाच्या दृष्टीने काहीही भेद नाही. भेद आहे तो आपण आखलेल्या रेषेमुळे. आणि जेथे रेषा आखावी लागते तेथे 'कोठे?' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'कोणासाठी?' आणि 'कोणाच्या अधिकाराने?' हे प्रश्न येतातच. नद्या व तलाव यांतील स्नानासाठी आणि जलक्रीडेसाठी जगभर पाण्याची जी मानके ठरविली जातात, त्यांच्या पोटात दडलेल्या या नैतिक प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर केंद्र शासनाने सप्टेंबर 2000 मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांखाली अधिसूचना काढून स्नानाच्या पाण्याचे प्राथमिक निकष जाहीर केले. 100 मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म 500 पर्यंत इष्ट आणि 2500 पर्यंत अनुज्ञेय. मलजन्य स्ट्रेप्टोकॉकाय 100 पर्यंत इष्ट आणि 500 पर्यंत अनुज्ञेय. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम. जैवरासायनिक प्राणवायू-मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत. इष्ट आणि अनुज्ञेय असे दोन आकडे कशासाठी, याचाही खुलासा तेथे आहे: ऋतुमान व प्रवाह यांच्या चढउतारांना वाव मिळावा म्हणून. कारण योग्यच आहे. परंतु शासकीय भाषेशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला, त्याला 'इष्ट' आणि 'अनुज्ञेय' या दोन शब्दांमधील अंतर निराळ्या अर्थानेही ठाऊक असते. इष्ट ते भाषणात सांगावयाचे आणि अनुज्ञेय ते अहवालात लिहावयाचे, असा आपल्याकडील रिवाज. ऋतूंच्या चढउतारासाठी ठेवलेली पाच पटींची मोकळीक हाच कायमचा मुक्काम होऊन बसला, तर त्यात नियमाचा भंग कोठेही होत नाही आणि हेतूचा मात्र पूर्ण होतो.

आता मुळात मोजले काय जाते, ते पाहू. कोलिफॉर्म जिवाणूंपैकी बहुतेक स्वतः निरुपद्रवी असतात. थिओडोर एश्चेरिक या वैद्याने 1885 मध्ये अर्भकांच्या विष्ठेत ज्या जिवाणूचे वर्णन केले, तो ई. कोलाय निरोगी माणसाच्या आतड्यात सुखाने नांदत असतो. मग त्याची मोजदाद कशाला? कारण तो ज्या वाटेने पाण्यात येतो, त्याच वाटेने विषमज्वर, पटकी, अतिसार, कावीळ यांचे जंतूही येतात. त्या प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे खर्चाचे आणि अवघड. म्हणून मलाची खूण सापडली की रोगाची शक्यता गृहीत धरावयाची. आपल्या नैयायिकांना ही रीत अगदी परिचयाची वाटली असती. पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावयाचे, तसाच हा प्रकार. कोलिफॉर्म हे लिंग, रोग हा साध्य.

परंतु नैयायिकांनीच शिकविले आहे की, अनुमानाचे सारे बळ व्याप्तीत असते. जेथे धूर तेथे अग्नी, हा नियम मोडला की हेतू सव्यभिचार ठरतो. येथे तो दोन्ही बाजूंनी मोडतो. हवाई बेटांसारख्या उष्ण प्रदेशांत असे आढळले की, हे जिवाणू ओलसर मातीतही टिकतात आणि वाढतात. म्हणजे माणसाच्या मलाचा स्पर्श नसतानाही आकडा फुगू शकतो. हा अग्नीवाचूनचा धूर. उलट, मैलापाण्यावर क्लोरीनची प्रक्रिया केली की जिवाणू चटकन मरतात, पण काही विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे चिवट जीव तग धरून राहतात. हा धुरावाचूनचा अग्नी. शिवाय मोजणीची जी जुनी पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते, तिचे नावच 'सर्वाधिक संभाव्य संख्या' असे आहे. ती प्रत्यक्ष गणती नसून नळ्यांच्या एका संचावरून केलेला अंदाज असतो. खरी संख्या त्याच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून अधिकही असू शकते. म्हणून हे मोजमाप निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. अनिश्चित लिंगावर विसंबून निर्णय घेणे हे मनुष्यजीवनाचे प्राक्तनच आहे. वैद्य नाडीवरून आणि न्यायाधीश साक्षीवरून तेच करीत असतात. मुद्दा एवढाच की, जो आकडा इतक्या गृहीतांवर उभा आहे, त्याच्या आड बसून कोणी 'विज्ञानाने सांगितले' असे म्हणून जबाबदारीतून मोकळे होऊ नये.

हा आकडा येतो कोठून, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य खात्याच्या वतीने मिशिगन सरोवर, ओहायो नदी आणि लाँग आयलंड साउंड येथे पोहणाऱ्यांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. 100 मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म सुमारे 2300 ते 2400 असता आजारपणात काही वाढ दिसली. पुढे 1968 मध्ये एका तांत्रिक समितीने हिशेब केला: एकूण कोलिफॉर्मपैकी सुमारे 18 टक्के मलजन्य असतात, म्हणजे ही पातळी साधारण 400 मलजन्य कोलिफॉर्मची झाली. आजार दिसू लागतो त्याच्या अलीकडेच थांबावे म्हणून त्याचे निम्मे केले आणि 200 हा आकडा जन्माला आला. निम्मेच का? तृतीयांश का नाही? याला शास्त्रात उत्तर नाही. तो एका समितीने दाखविलेला सावधपणा होता. सावधपणा हा सद्गुण आहे, सिद्धांत नव्हे.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे घडली. 1970 नंतर अधिक काटेकोर पाहण्या झाल्या आणि ई. कोलाय व एंटेरोकॉकाय या खुणा आजाराशी अधिक निकटच्या आहेत, असे दिसून आले. 1986 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नवे मानक दिले: गोड्या पाण्यात ई. कोलायचा गुणोत्तरी मध्य 126. हा आकडा कसा काढला? जुन्या 200 च्या मर्यादेत पोहणाऱ्यांपैकी किती जण आजारी पडत असावेत, याचा हिशेब मांडला. उत्तर आले गोड्या पाण्यात हजारी 8 आणि समुद्रात हजारी 19. समाजाने आजवर एवढे सोसले आहे, तेव्हा ते स्वीकारार्ह मानावे, असे धरून नव्या खुणेचा आकडा त्या प्रमाणाला जुळवून घेतला. म्हणजे प्रथम अंदाजाने एक रेषा आखली. तिच्यापायी किती माणसे आजारी पडतात हे नंतर कळले. आणि कळल्यावर तेच प्रमाण 'मान्य धोका' म्हणून प्रतिष्ठित झाले. लोक सोसत होते, एवढ्यावरून लोकांना ते मान्य होते असा निष्कर्ष निघाला. 'आहे' पासून 'असावे' पर्यंत एका उडीत जाता येत नाही, हे नीतिशास्त्राच्या पहिल्याच पाठात शिकवितात. पण मानकांच्या इतिहासात ती उडी कोणाच्या लक्षातही न येता मारली गेली. सरोवरात पोहणाऱ्याच्या वाट्याला 8 आणि समुद्रात पोहणाऱ्याच्या वाट्याला 19 असा पंक्तिप्रपंच का, याचेही समर्थन कोणत्याही नीतिविचारात सापडणार नाही. जुने आकडे तसे होते, एवढेच.

2012 मध्ये हीच मानके पुन्हा तपासली गेली. या वेळी आजाराची व्याख्या बदलली. पूर्वी ज्वराची अट होती. आता ज्वर नसलेले पोटाचे विकारही आजारात धरले गेले. त्यासरशी गोड्या पाण्यातील हजारी 8 चे हजारी 36 झाले. पाणी तेच, 126 तेच. बदलली ती आजारी कोणाला म्हणावे याची समजूत. जोडीला हजारी 32 चा आणखी एक कडक पर्याय देऊन, कोणता घ्यावा हे राज्यांवर सोपविले. मला या स्वातंत्र्यात एक प्रांजळपणा दिसतो. 36 की 32, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुली आहे.

येथे कोणी विचारील की, हा सारा खटाटोप कशाला? आजार मुळीच होणार नाही, असेच मानक का ठेवू नये? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याला उत्तर दिले पाहिजे. वाहत्या पाण्यात गुरे उतरतात, पक्षी बसतात, पावसाने रान धुऊन निघते. शून्य जिवाणूंची नदी पृथ्वीवर नाही. शून्याचा आग्रह धरावयाचा तर सर्व नद्या-तलाव माणसाला बंद करावे लागतील. त्यात नुकसान कोणाचे? ज्याच्या घरी तरणतलाव आहे त्याचे नव्हे. ज्या पोराला उन्हाळ्यात नदीच्या डोहाखेरीज दुसरे सुख नाही, त्याचे. शिवाय जो नियम कोणालाच पाळता येत नाही, तो पाळण्याच्या कर्तव्यातून सर्वांनाच मुक्त करतो. अशा नियमांची आपल्याकडील फडताळांत वाण नाही. दुसऱ्या टोकाचे उदाहरण ब्रिटनचे. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने 1959 मध्ये असा निर्वाळा दिला की, समुद्राचे पाणी नजरेला किळसवाणे वाटण्याइतके घाण नसेल तर त्यात स्नान केल्याने आरोग्याला होणारा धोका जवळजवळ नगण्य आहे. म्हणजे मानक कसले, तर किळस. पुढे 1976 मध्ये युरोपीय समुदायाच्या निर्देशाने आकडे आले, तरी या विचाराची छाया बराच काळ रेंगाळली. शून्य हा अशक्य आदर्श आणि किळस ही अपुरी कसोटी. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी माणसाला उभे राहावे लागते. त्यामुळे काही आजार पत्करावा लागणार, हे मान्य केलेच पाहिजे. वाद आहे तो 'कोणी पत्करावा' यावर.

उदारमतवादी उत्तर सोपे आहे: ज्याला पोहावयाचे आहे त्याने. डोंगर चढणारा पडण्याचा धोका पत्करतो, तसाच हा. परंतु या उपमेत एक मोठी खोट आहे. डोंगराचा कडा कोणी दुसऱ्याने निसरडा करून ठेवलेला नसतो. नदीतील मल मात्र वरच्या अंगाच्या गावाने सोडलेला असतो. पोहणाऱ्याने पाण्याशी करार केला असेल. त्या गावाशी केलेला नाही. हजारी 36 हा आकडा निसर्गाने आकारलेला कर नसून, बव्हंशी एका माणसाच्या सोयीची दुसऱ्याच्या आतड्यातून केलेली वसुली आहे.

आणि संमती म्हणावी तर ती तरी सर्वांची कोठे असते? पोहण्याच्या तलावातील एका अमेरिकी पाहणीत असे दिसले की, सुमारे पाऊण तासात प्रौढ माणूस सरासरी 16 मिलिलिटर पाणी गिळतो आणि लहान मूल 37 मिलिलिटर. म्हणजे ज्याला धोका कळत नाही, त्याच्याच पोटात दुपटीहून अधिक पाणी जाते. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या मार्गदर्शक तत्त्वांना ज्या ब्रिटिश प्रयोगाचा मोठा आधार होता, तो निरोगी, प्रौढ स्वयंसेवकांवर केलेला होता. त्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला समुद्रात उतरविले आणि दुसऱ्याला काठावर ठेवले. 1994 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग प्रामाणिक होता आणि मुलांना त्यात न घेणे हेही नीतीला धरूनच होते. परंतु परिणाम असा की, धट्टाकट्टा प्रौढ हा मापदंड झाला आणि त्याच्या मापाने शिवलेला अंगरखा जगातील सर्व पोरांना घालावयाचा. मग धोबी, नावाडी, कोळी यांचे काय? त्यांना पाण्यात उतरावेसे वाटते म्हणून ते उतरत नाहीत. उतरल्यावाचून त्यांची चूल पेटत नाही. 'मनोरंजनासाठी' या शब्दात त्यांची गणना कोठेच होत नाही.

याहूनही अवघड प्रश्न आपल्या देशात उभा राहतो तो तीर्थस्नानाचा. पाश्चात्त्य मानकांनी डोळ्यांपुढे धरलेला माणूस पोहणारा आहे. त्याच्या तोंडात पाणी जाते ते चुकून. आपला यात्रेकरू डोक्यावरून तीन बुड्या मारतो, ओंजळीने आचमन करतो आणि घरच्या वृद्धांसाठी तेच पाणी तांब्यात भरून नेतो. त्याच्यासाठी पाणी गिळणे हा अपघात नव्हे, विधी आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार वर्ग पाडले आहेत. त्यांत केवळ निर्जंतुकीकरण करून पिण्याजोग्या स्रोतासाठी 100 मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म 50 ची मर्यादा आहे आणि उघड्यावरील स्नानासाठी 500 ची. आचमन करणारा माणूस कोणत्या वर्गात बसतो? तो निर्जंतुकीकरणही न करता पितो. त्याला स्नानाच्या रकान्यात बसविणे म्हणजे त्याच्या कृतीचा अर्थच न समजणे होय. ज्या देशात सर्वांत मोठे स्नान श्रद्धेचे आहे, तेथे मनोरंजनाच्या मापाने श्रद्धाळूचे पाणी मोजले जाते, ही विसंगती माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म आहे.

2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराज येथे महाकुंभ भरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीच्या आरंभी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दिलेल्या अहवालात असे नमूद केले की, तपासलेल्या सर्व ठिकाणी निरनिराळ्या वेळी मलजन्य कोलिफॉर्मच्या बाबतीत पाणी स्नानाच्या निकषात बसत नव्हते. राज्य शासनाने यावर हरकत घेतली. महिनाअखेरीच्या दुसऱ्या अहवालात मंडळाने सांगितले की, निरनिराळ्या तारखांचे आणि ठिकाणांचे आकडे फार बदलते असल्याने संख्याशास्त्रीय विश्लेषण केले आहे. मलजन्य कोलिफॉर्मचा मध्यक 1400 येतो, अनुज्ञेय मर्यादा 2500 आहे, सबब पाणी स्नानयोग्य होते. राजकीय पक्षांनी आपापल्या सोयीचा अहवाल उचलला. तो वाद बाजूला ठेवून आपण केवळ मध्यकाचा विचार करू. मध्यक 1400 याचा अर्थ, निम्मे नमुने 1400 च्या वर होते. तो 2500 च्या आत आहे, पण 'इष्ट' 500 च्या जवळजवळ तिप्पट आहे. आणि मुख्य म्हणजे, मध्यकात कोणी स्नान करीत नाही. जी म्हातारी एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट घाटावर, विशिष्ट प्रहरी पाण्यात उतरली, तिला तो एकच क्षण लाभला. तिच्यासाठी आदल्या आठवड्यातील निर्मळ पाण्याची भरपाई नाही.

याचा अर्थ मध्यक अप्रामाणिक आहे, असा मी करीत नाही. एका नमुन्यावरून नदीला दोषी ठरविणेही तितकेच अन्यायाचे होईल. वर सांगितलेच आहे की, तो नमुनाही अंदाजच असतो. खरी गोष्ट अशी की, येथे दोन निराळे प्रश्न आहेत आणि आपण त्यांना एकच उत्तर देऊ पाहतो. 'व्यवस्था नीट चालली आहे काय?' हा प्रश्न प्रशासनाला विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर दीर्घ काळाच्या मध्यातच मिळेल. 'आज मी उतरू काय?' हा प्रश्न स्नानार्थीचा आहे. त्याचे उत्तर आजच्याच पाण्यात शोधले पाहिजे. पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याची बोळवण करणे म्हणजे वर्षाचे सरासरी पर्जन्यमान सांगून पुरात अडकलेल्याचे समाधान करणे होय. अमेरिकेच्या 2012 च्या मानकांत यासाठीच मध्याबरोबर दुसरा आकडाही आहे: ई. कोलायच्या 126 च्या जोडीला 410, आणि दहा टक्क्यांहून अधिक नमुने त्याच्या वर जाता कामा नयेत, ही अट.

आजच्या पाण्याचे उत्तर आजच मिळणे सोपे नाही, हेही खरे. जिवाणू वाढवून मोजण्याला एक दिवस आणि आपल्या जुन्या पद्धतीने त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे फलकावर लिहिलेला आकडा कालच्या किंवा परवाच्या पाण्याचा असतो. परंतु जोराचा पाऊस झाला की एक-दोन दिवस पाण्यात उतरू नका, एवढे सांगण्याला प्रयोगशाळा लागत नाही. पॅरिसच्या सेन नदीत 1923 पासून स्नानाला बंदी होती. सुमारे 140 कोटी युरो खर्चून मैलापाणी अडविण्यात आले आणि जुलै 2025 मध्ये तीन ठिकाणी ती सर्वांसाठी खुली झाली. तेथे रोज पाणी तपासतात, आणि पावसानंतर पाणी बिघडले की लाल निशाण लावून लोकांना परत पाठवितात. शंभर वर्षांनी उघडलेली नदी पुन्हा एक दिवस बंद करण्यात त्या नगराला कमीपणा वाटत नाही, हे मला त्या खर्चाहून अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे असा फलक लावला तर श्रद्धा दुखावेल, असे म्हटले जाते. मला हे म्हणणे श्रद्धेचा अपमान करणारे वाटते. श्रद्धाळू माणूस सत्य ऐकण्याला असमर्थ आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या परंपरेला शुचिता आणि निर्मळता यांतील भेद ठाऊक होता. गंगेची शुचिता जिवाणूंनी भंगत नाही, असे ज्याला म्हणावयाचे आहे त्याने खुशाल म्हणावे. तो प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. परंतु त्याच परंपरेने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा स्पष्ट निषेधही केला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तो आहे. म्हणजे नदी पवित्र आहे म्हणून ती घाण होऊच शकत नाही, असे पूर्वजांनी मानले नाही. ती पवित्र आहे म्हणून ती घाण करू नये, असे मानले. घाटावर आकडा लिहिल्यानंतरही जी म्हातारी पाण्यात उतरेल, तिची श्रद्धा जाणती असेल. आकडा लपवून तिला उतरू दिले, तर तिच्या श्रद्धेचा उपयोग दुसऱ्यानेच केला, असे होईल.

आता हा विचार थोडा घराजवळ आणावयास हवा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या जिच्या काठी उभ्या आहेत ती आमची कान्ह नदी इंदूर शहरातून वाहत जाऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेस मिळते. इंदूरला 2017 पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरविले गेले आणि नाल्यांत थेट जाणारे मैलापाणी अडविण्याचे मोठे कामही शहरात झाले. त्याचा अभिमान आम्हा सर्वांना आहे. परंतु शहराची स्वच्छता शहराच्या सीमेवर मोजली जाते आणि नदीची तिच्या मुखाशी. 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी नळमार्गाने उज्जैनच्या घाटांना वळसा घालून खाली सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. 2014 पासून नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याचीही सोय झाली. 2028 च्या सिंहस्थासाठी कान्ह वळविण्याची त्याहून मोठी योजना हाती घेण्यात आली आहे. पर्वकाळाची निकड ज्याने जवळून पाहिली आहे, तो या योजनांना नावे ठेवणार नाही. कोट्यवधी लोक ठरलेल्या तिथीला येणारच असतात आणि तिथी पुढे ढकलता येत नाही.

तरीही नैतिक प्रश्न उरतोच. वळसा घातल्याने रामघाटावरचा आकडा सुधारतो. कान्हच्या पाण्यातील मल त्याने कमी होत नाही, तो केवळ जागा बदलतो. घाटांच्या खाली जी गावे आहेत, तेथील लोकही क्षिप्रेत आंघोळ करतात, गुरे धुतात, त्यांची पोरेही डुंबतात. त्यांच्या काठी तीर्थ नाही, म्हणून नमुना घेणाराही तेथे सहसा जात नाही. जेथे मोजतो तेथे शुद्ध करावयाचे, ही वृत्ती मानकांतूनच जन्मते. मानक स्नानार्थीच्या रक्षणासाठी होते. ते नमुना घेण्याच्या जागेच्या रक्षणासाठी झाले.

या सर्व विवेचनातून मला जे दिसते ते असे. स्नानयोग्यतेच्या आकड्याला दोन तोंडे आहेत. खालच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाला तो सल्ला देतो: एवढ्यापर्यंत उतरण्यास हरकत नाही. वरच्या अंगाला उभ्या असलेल्याला तो आज्ञा देतो: याहून अधिक घाण सोडावयाची नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा या तोंडांची अदलाबदल होते. स्नान करणाऱ्यावर बंदीची आज्ञा बजावली जाते आणि घाण सोडणाऱ्याला केवळ सल्ला दिला जातो. किंवा त्याहून सूक्ष्म रीतीने, 2500 ही मर्यादा त्याला परवान्यासारखी वाटू लागते: तेथवर भरण्याचा जणू त्याला हक्कच आहे.

न्याय्य आकडा कोणता, हे या लेखातून सांगता येणार नाही. पण आकडा न्याय्य होण्याच्या अटी सांगता येतील. त्यामागे किती माणसांचे आजारपण गृहीत धरले आहे, ते लोकांच्या भाषेत जाहीर झाले पाहिजे. ते प्रमाण ठरविताना निरोगी प्रौढ नव्हे, तर पाणी गिळणारे मूल आणि आचमन करणारा यात्रेकरू डोळ्यांपुढे असला पाहिजे. दीर्घ काळाचा मध्य प्रशासनाला बांधणारा हवा आणि दिवसाचा आकडा घाटावरच्या माणसाच्या हाती हवा. 'अनुज्ञेय' पासून 'इष्ट' पर्यंत किती वर्षांत जावयाचे, याची मुदत लिहिलेली हवी. मुदत नसलेले 'इष्ट' हे केवळ सुभाषित असते. आणि नमुना तीर्थाच्या घाटावर जसा घ्यावयाचा, तसाच निनावी गावाच्या उतारावरही घ्यावयाचा.

यांपैकी एकाही अटीसाठी नवे शास्त्र लागत नाही. 2028 ला अजून अवकाश आहे, आणि तोवर उज्जैनच्या घाटावरच्या आकड्याची जेवढी चिंता उज्जैनकरांना वाटते, तेवढी किंवा त्याहून काकणभर अधिक ती आम्हा इंदूरकरांना वाटावयास हवी. कारण तो आकडा लिहिला जातो त्यांच्या घाटावर, पण त्यातला मोठा वाटा आमच्या शहरातून वाहत गेलेला असतो.